घोड्यासाठी गाडी घेताना: पिकअप, चौदा फुटी की ट्रेलर?

दर वर्षी सारंगखेड्याचा घोडेबाजार उठला की महिनाभर मला तेच फोन येतात. घोडा घेतला, हौसेनं त्याच्यासाठी गाडीही घेतली, आणि आता घोडा गाडीत पाय ठेवत नाही. किंवा चढतो, पण दर वेळी गुडघे खरचटून, घामानं निथळत उतरतो. चौकशी केली की कळतं, आधी गाडी ठरली. कुणाकडे तरी स्वस्तात मिळत होती, किंवा मेव्हण्याची पडून होती. मग घोडा तिच्यात कसा बसवायचा याचा विचार सुरू झाला.

हा क्रम उलटा आहे. खाली दिलेला क्रम मी अनेक वर्षांच्या ने-आणीतून आणि स्वतःच्या चुकांतून बसवला आहे. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका, आणि सहाव्या टप्प्यापर्यंत कुणालाही इसार देऊ नका.

## १. आधी घोडा मोजा

शिवणकामाची टेप, सुतळी, खडू आणि वही घ्या. घोडा सपाट सिमेंटवर उभा करा. मातीत खूर रुततो आणि माप चुकतं.

आपल्याकडे घोडा इंचात बोलतात: साठ इंची, बासष्ट इंची, चौसष्ट इंची. बाजारात सांगितलेला आकडा आणि घरी मोजलेला आकडा यांत एक-दोन इंचांचा फरक सहज निघतो. म्हणून मानेच्या मुळाशी पाठीवर जो उंचवटा असतो, तिथून जमिनीपर्यंतची सरळ उंची स्वतः मोजा. गाडीसाठी मात्र ही उंची पुरत नाही. घोड्यासमोर चंदीची (खुराकाची) बादली उंच धरा. तो मान वर करून कान टवकारेल, त्या कानांच्या टोकाची उंची लिहून घ्या. साठ इंची घोडाही अशा वेळी सात फुटांच्या आसपास जातो. छत या मापावर ठरतं.

मग लांबी. मान सहज ठेवलेली असताना नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत सुतळी धरा.

वजनासाठी दोन मापं लागतात. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत अंगाची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ११,८८० नं भागा. येतं ते अंदाजे वजन किलोत. उदाहरणार्थ, घेर १७० आणि लांबी १५५ असेल तर वजन ३७७ किलो. हे सूत्र पूर्ण वाढलेल्या घोड्याचं आहे, शिंगराला किंवा गाभण घोडीला लावू नका.

शेवटचं माप कुणी घेत नाही, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत महत्त्वाचं. घोडा उभा असताना मोतद्दाराला (घोडा सांभाळणाऱ्याला) त्याच्या पुठ्ठ्यावर बाजूनं हलका पण ठाम रेटा द्यायला सांगा. तोल सांभाळण्यासाठी घोडा पाय फाकवेल. फाकलेल्या पायांच्या बाहेरून जमिनीवर खडूच्या खुणा करा आणि मधलं अंतर मोजा. वळणावर, ब्रेक लागल्यावर, घाटात त्याला इतकी जागा खाली पायांशी लागणार आहे. वरती अंगाला जागा असून उपयोग नाही. ज्याला पाय फाकवता येत नाहीत तो घोडा भिंतीवर रेलतो, आणि रेलता रेलता पाय घसरून बसतो.

तपासा: वहीत पाच आकडे आले का? उंची, मान वर केल्यावरची उंची, लांबी, वजन, फाकलेल्या पायांची रुंदी. एकापेक्षा जास्त घोडे असतील तर सगळ्यांत मोठ्या घोड्याचे आकडे धरा.

## २. प्रवासांची वही

मागच्या बारा महिन्यांत घोडा किती वेळा, कुठे नेला ते आठवून लिहा. मनात असलेल्या प्रवासांना इथे जागा नाही, प्रत्यक्ष झालेले लिहा. सगळ्यांत लांबचा प्रवास किती तासांचा होता, वाटेत घाट होता का, शेवटचे दोन किलोमीटर कच्चे होते का, एका वेळी किती घोडे होते, आणि गाडी कोण चालवणार.

वर्षाला आठ-दहा फेऱ्यांच्या खाली असाल तर माझा सल्ला सरळ आहे: गाडी घेऊ नका. घोड्यांसाठी बांधलेली गाडी भाड्यानं घ्या. उभ्या गाडीचा विमा, फिटनेस, टायर आणि गंज यांत जाणारे पैसे भाड्याहून कमी पडत नाहीत. शिवाय नेहमी घोडे नेणारा ड्रायव्हर मिळतो, त्याचं मोल वेगळंच.

लग्नाच्या हंगामात रोज नवरदेवाची घोडी नेणाऱ्याची गरज वेगळी, दर महिन्याला शर्यतीला किंवा एंड्युरन्सला (लांब पल्ल्याच्या घोडदौडीला) जाणाऱ्याची वेगळी. पहिल्याला छोटे छोटे प्रवास, गल्लीबोळ आणि रात्रीची परत येण्याची वेळ. दुसऱ्याला सहा-आठ तासांची हायवेची उभी धाव. दोघांना एकच गाडी चालत नाही.

## ३. प्रकार ठरवा

छोटा हत्ती. हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांहून किंचित अरुंद. मोठ्या घोड्यासाठी ही गाडी नाहीच. लांबी पुरत नाही, म्हणून घोडा आखडून उभा राहतो. गाडी हलकी असल्यामुळे त्यानं अंग टाकलं की सगळी गाडी डोलते. जवळच्या अंतरावर लहान तट्टू नेताना लोक वापरतात. विकत घेण्याच्या यादीतून मात्र आत्ताच काढून टाका.

पिकअप. सगळ्यांत जास्त घेतली जाणारी आणि सगळ्यांत जास्त चुकणारी. साडेआठ-नऊ फूट लांब, साडेपाच फुटांच्या आसपास रुंद हौदा. एका घोड्याला ही गाडी चांगली होऊ शकते, दोघांना नाही. 'दोन मावतात की' असं हमखास ऐकू येतं. मावतात, उभे राहतात. पण मधला पाइप आणि दोन्ही बाजूंची गादी वजा केली की प्रत्येकाला अडीच फूटही उरत नाही. पहिल्या टप्प्यात काढलेली खडूची रुंदी समोर ठेवा, उत्तर तिथेच आहे. दुसरी अडचण उंचीची. घोड्याचं वजन चाकांच्या बरंच वर असतं आणि तो भरलेल्या पोत्यासारखा स्थिर नसतो. घाटातल्या वळणावर तो बाहेर झुकतो तेव्हा अरुंद गाडीही त्याच्याबरोबर झुकते.

चौदा फुटी. चौदा फूट लांब आणि साडेसहा-सात फूट रुंद हौद्याचा हलका ट्रक. महाराष्ट्रात दोन घोडे नेमानं नेणाऱ्यासाठी मला हाच प्रकार सर्वांत योग्य वाटतो. दोन घोडे तिरके उभे राहतात, पुढे खोगीर, चारा आणि पाण्यासाठी अडीच-तीन फूट उरतात. बाजूनं माणूस जायचं दार करता येतं, म्हणजे घोड्याच्या डोक्याशी पोहोचायला मागून त्याच्या पायांमधून जावं लागत नाही. तोटा एकच: मालवाहू गाडीचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) भरलेल्या मालासाठी बनवलेले असतात. त्यावर फक्त दोन घोडे असले की गाडी उडते. जाणत्या मिस्त्रीकडून पाटे मऊ करून घेता येतात, पण कंपनीनं दिलेल्या मर्यादेत राहून.

ओढायचा ट्रेलर. परदेशातले व्हिडिओ बघून हा मनात भरतो. ट्रेलर जमिनीला जवळ असतो, चढणं सोपं होतं, आणि ओढणारी गाडी एरवी घरच्या कामाला राहते. पण हिशोब करा. दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर साधारण ९०० ते १,००० किलोचा. त्यात चारशे-साडेचारशे किलोचे दोन घोडे चढले की १,८०० किलोच्या आसपास गेलं. नवख्या माणसानं भरलेला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड ठेवू नये असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे ओढायला दोन टनांहून जड गाडी हवी. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता लिहिलेली नसेल तर तिच्यानं ओढायचं नाही, वेल्डरनं कितीही भक्कम हुक लावून दिला तरी.

तरीही ट्रेलर घ्यायचाच असेल तर दोन आसांचाच (अ‍ॅक्सलचाच) घ्या. एका आसाच्या ट्रेलरचं टायर फुटलं की सावरायला काही उरत नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, जोड सुटला तर ते आपोआप लागतील अशी तार हवी, आणि सुरक्षेची साखळी हवी. पुढच्या जोडावर पडणारं वजन फार कमी असेल तर वेगात ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागतं. अमेरिकेत साध्या जोडाच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडावर ठेवतात. युरोपातल्या ट्रेलरांचा आकडा याहून कमी असतो, म्हणून बनवणाऱ्याच्या पाटीवरचा आकडा पाळा. एकच घोडा असेल तर तो ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे उजव्या हाताला उभा करा. रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, त्यानं तोल राहतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे उलटं करायचं. तिथे एकटा घोडा डावीकडे. तिथे पिकअप ट्रक आणि ट्रेलर हीच सरळ वाट आहे, आणि प्रश्न घोडे सरळ उभे करायचे, तिरके करायचे, की आत पार्टिशनच नसलेला गुरांचा ट्रेलर घ्यायचा, एवढाच उरतो. उंच आणि लांब अंगाच्या घोड्याला तिरका खण तोकडा पडतो, त्याला सरळ खण द्या.

थांबा: प्रकार ठरला की लगेच गाड्या बघायला निघू नका. आधी वजन आणि कागद.

## ४. वजनाचा हिशोब कागदावर

आरसी बुकात दोन आकडे असतात, भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. वजाबाकी केली की गाडी किती नेऊ शकते ते कळतं. लोक हा आकडा बघतात आणि त्याला घोड्याच्या वजनानं भागतात. इथेच चूक होते, कारण मध्ये बॉडी येते.

समजा १,३०० किलो नेणारी पिकअप आहे. पाइपचा पिंजरा आणि छत ३००, लाकडी तळ आणि मॅट १२०, फाळका (मागचं खाली पडणारं दार, ज्यावरून घोडा चढतो) १००, पाणी-चारा-सामान ८०. झाले ६००. उरले ७००. चारशे किलोचा एक घोडा आरामात, दुसरा चढवला की शंभर किलो जास्त. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण ही मांडणी करा. बॉडी बांधून झाली की गाडी वजनकाट्यावर नेऊन खरं रिकामं वजन घ्या आणि हिशोब पुन्हा तपासा.

## ५. कागद आधी, वेल्डिंग नंतर

जनावरं नेणाऱ्या गाड्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५ ई हा नियम आला आणि तो १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यात घोडा किंवा घोडीमागे २.२५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २४ चौरस फूट जागा सांगितली आहे. प्रत्येक जनावर स्वतंत्र राहील अशी कायमची पार्टिशनं हवीत, आणि अशा गाडीतून दुसरा माल नेता येत नाही. 'घोडा नसेल तेव्हा भाजी नेऊ' हा बेत इथेच संपतो.

गाडीच्या मूळ बांधणीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंद लागते. आधी बॉडी वेल्ड करून मग आरटीओत जाणाऱ्यांना परत पाइप कापताना मी पाहिलं आहे. रेखाचित्र घेऊन आधी जा. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागेही दिसावा लागतो.

प्राणी वाहतूक नियम, १९७८ मध्ये घोड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. साधी मालवाहू गाडी वापरली तर तळावर न घसरणारं काही हवं, दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर व्यासाचा बांबू हवा, मागे दोन भक्कम आडवी लाकडं हवीत, चढ-उताराला फळी हवी. घोड्यांची तोंडं डावीकडे, समोरून येणाऱ्या वाहतुकीपासून दूर ठेवायची. प्रवासाआधी पशुवैद्यकाचा दाखला घ्यायचा. शिवाय ग्लँडर्सची (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाची) तपासणी कुठे मागतात तेही जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात विचारून घ्या, बाजारात किंवा स्पर्धेत तिच्यावाचून अडतं.

## ६. गाडी बघायला जाताना

उजेडात जा, पावसात नको, आणि गाडी आदल्या दिवशी धुऊन ठेवू नका असं सांगून जा. बरोबर घ्यायच्या वस्तू: मोठा पेचकस, टॉर्च, टेप, जुनं गोणपाट. पहिल्यांदा गाडीच्या खाली आडवे व्हा, आत नंतर जा.

खालून तळाच्या आडव्या पट्ट्या बघा. पेचकसानं दर फुटावर टोचा. लाकूड असेल तर टोक रुतायला नको. लोखंड असेल तर पापुद्रे निघायला नकोत. मग आत जाऊन मॅट उचला. विकणारा 'कशाला, नवीन टाकलीय' म्हणाला तर नक्की उचला.

हे मी इतकं लावून का धरतो, ते सांगतो. माझी पहिली पिकअप जुनी घेतलेली होती. बाहेरून ताजा निळा रंग, आत काळीकुळकुळीत नवी मॅट. मी मॅटवर उड्या मारून बघितल्या आणि समाधानी झालो. तिसऱ्याच फेरीत, नाशिककडून परत येताना, मागून एकदम पत्रा फाटल्याचा आवाज आला. थांबून बघितलं तर घोडीचा मागचा डावा पाय तळातून खाली गेला होता, खूर रस्त्यापासून वीतभर अंतरावर लोंबत होता. मॅटखालचा पत्रा मुतानं कुजून चाळणी झाला होता. नशिबानं मी त्या वेळी ढाब्याकडे वळायला गाडी अगदी हळू केली होती. घोडी थरथरत होती, पण जागची हलली नाही. ढाब्यावरच्या दोघांनी कटावणीनं पत्रा वाकवून दिला तेव्हा पाय निघाला. नाल उपटला होता आणि नळीवरची कातडी सोलली होती. ती पुढे बरी झाली, पण वर्षभर कोणत्याही गाडीत चढायला तयार नव्हती. तो पेचकस मी तेव्हापासून बरोबर ठेवतो.

खालचं झालं की टायर. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही रबर म्हातारं झालेलं असतं, ट्रेलरच्या टायरांत तर हमखास, कारण ते फिरतात कमी आणि उन्हात उभे जास्त राहतात. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर सगळे टायर बदलायचा खर्च किमतीत धरा.

इंजिन चालू करून मागे आत उभे राहा आणि दार लावून घ्या. पाच मिनिटांत डोळे चुरचुरले किंवा धुराचा वास आला तर सायलेन्सरचं तोंड वळवावं लागेल. घोडा हाच धूर सहा तास ओढणार असतो.

शेवटी गोणपाट. हात गोणपाटात गुंडाळून आतल्या सगळ्या भिंतींवरून, कड्यांवरून, बिजागऱ्यांवरून जोरात फिरवा. जिथे तंतू अडकतो तिथे घोड्याची कातडी फाटेल.

तपासा: विजेची वायर घोड्याच्या तोंडाच्या टप्प्यात आहे का? असेल तर तो ती चावणार. पाइपमधून न्यावी लागेल.

## ७. आतली बांधणी

तळ. पत्र्याच्या लोखंडी नक्षीवर भरवसा ठेवू नका. नाल लोखंडाचा, पत्रा लोखंडाचा, मध्ये मूत. यापेक्षा घसरडं काही नसतं. लोखंडावर जाड लाकडी फळ्या, फळ्यांमध्ये निचऱ्याला बोटभर फट, त्यावर गोठ्यात वापरतात ती सतरा मिलिमीटरची रबर मॅट, आणि वरून लाकडाचा भुसा. मॅट स्क्रूनं कायमची ठोकू नका. दर फेरीनंतर ती उचलून खालचं धुता आलं पाहिजे.

बरेच जण ओली वाळू टाकतात. चौदा फूट बाय साडेसहा फुटांच्या हौद्यात तीन इंच वाळू म्हणजे एक टनाहून जास्त वजन. चौथ्या टप्प्यातला सगळा हिशोब तिथेच कोसळतो. शिवाय वाळू मूत धरून ठेवते आणि खालचं लोखंड खाते. भाताचं तूसही टाकू नका, ते पायाखाली सरकतं.

पार्टिशन. वरून भक्कम, खाली मोकळं. जमिनीपर्यंत नेलेली भिंत बघायला मजबूत वाटते, पण तीच घोड्याचे पाय जखडते. पोटाच्या पातळीपर्यंत कठीण, त्याखाली जाड रबराचा लोंबता पडदा, म्हणजे शेजारच्याचा पाय तुडवला जात नाही आणि फाकवायला जागा राहते. नर घोडा असेल तर डोक्यांमध्ये उंच जाळी लावा.

बांधायची कडी. कडीला सरळ दोर बांधू नका. कडीत सुतळीचा फास करा आणि मोरखीचा दोर त्या फासाला बांधा. घोडा पडला किंवा अडकला तर सुतळी तुटेल, मान मोडणार नाही. दोराची लांबी इतकी हवी की त्याला डोकं छातीच्या खाली नेता येईल. डोकं वर बांधून तासन्‌तास नेलं की नाका-घशातला मळ खाली गळत नाही, जंतू श्वासनळीत साचतात आणि प्रवासानंतर दोन-तीन दिवसांनी फुप्फुसाचा आजार उभा राहतो. अगाडी-पिछाडी लावून, चारही बाजूंनी ताणून बांधायची पद्धत गाडीत वापरूच नका.

छत. मान वर केल्यावरच्या उंचीत किमान सहा इंच मिळवा. उघड्या गाडीत घोड्याचं डोकं केबिनच्या वर येतं. फांद्या, विजेच्या तारा आणि डोळ्यांत जाणारी धूळ, तिन्हीचा धोका. नुसता पत्रा टाकला तर एप्रिलमध्ये आत भट्टी होते, म्हणून पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्या आणि दोन्ही बाजूंना उंचावर झरोके ठेवा. गाडी उभी असतानाही हवा खेळली पाहिजे.

## ८. फाळका आणि त्याचा उतार

घोडा चढत नाही याचं कारण निम्म्या वेळी इथे असतं. युरोपीय संघाच्या नियमात घोड्यांसाठी उतार २० अंशांहून तीव्र चालत नाही. हौदा जमिनीपासून तीन फूट उंच असेल तर त्यासाठी जवळजवळ नऊ फूट लांब फाळका लागतो. आपल्याकडे पाच-साडेपाच फुटांचा लावतात, म्हणजे ३३ ते ३७ अंश. घोड्याला ती भिंत वाटते.

नऊ फुटांचा फाळका जड होतो, त्याला उचलायला स्प्रिंग हवी. ते जमत नसेल तर दोन भागांत घडी होणारा करा. घरी आणि नेहमीच्या ठिकाणी बांधाला किंवा उंच ओट्याला गाडी लावून उतार कमी करता येतो, पण फक्त बांधावर विसंबून फाळक्याविना गाडी घेऊ नका. रस्त्यात गाडी बंद पडली तर तिथे बांध कुठून आणणार?

फाळक्यावर दर फुटाला आडवी पट्टी, वर रबर. पाय ठेवल्यावर पोकळ, ढणढण आवाज येत असेल तर खालून लाकूड भरा. त्या आवाजालाच अनेक घोडे बुजतात. दोन्ही कडांना कमरेइतके कठडे असू द्या.

## ९. उरलेले पैसे देण्याआधी

दोन चाचण्या घ्या. पहिली: बादली अर्धी भरून तळाच्या मध्यभागी ठेवा, गाडी रिकामी असताना नेहमीच्या खराब रस्त्यावर पाच किलोमीटर जाऊन या. बादली लवंडली किंवा जवळजवळ रिकामी झाली तर पाटे कडक आहेत.

दुसरी: आपला घोडा चढवून बघा. तो नवखा असेल तर घाई करू नका. आधी गाडी मोकळ्यावर, उजेडाकडे तोंड करून, चाकांखाली दगड लावून उभी करा. आतली पार्टिशनं बाजूला सारून जागा मोठी दिसू द्या. एखादा अनुभवी घोडा आधी चढवा. पहिल्या दिवशी फाळक्यावर दोन पाय ठेवले तरी तोबरा द्या आणि तिथेच थांबा. मागून काठी, डोळ्यांवर कापड, चार माणसांनी कमरेत दोर घालून ओढणं: असा चढवलेला घोडा पुढच्या खेपेला आठ माणसं मागतो.

चढवण्या-उतरवण्याचा क्रम पाठ करून घ्या, आणि मोतद्दाराकडूनही म्हणवून घ्या. चढवताना: घोडा आत, मागचा आडवा पाइप बंद, मग डोक्याची दोरी बांधायची. उतरवताना: आधी दोरी सोडायची, मग मागचा पाइप काढायचा. उलटं केलं तर मागे मोकळं दिसलं की घोडा झटक्यात मागे येतो, दोरीला हिसका बसतो, घाबरून तो मान वर मारतो आणि छताला आपटतो. पाइप काढताना नेहमी बाजूला उभे राहा, फाळक्याच्या समोर नाही. आणि गाडी चालू असताना घोड्यांमध्ये माणूस बसवू नका, नेहमीचा मोतद्दार असला तरी.

## १०. पहिला लांबचा प्रवास

पहिल्या पंधरवड्यात रोज चढवा-उतरवा, मग पाच किलोमीटर, मग वीस. त्यानंतरच लांबचा बेत. पहाटे निघा. दर तीन-चार तासांनी सावलीत थांबा, पाणी दाखवा, दोर सैल करून डोकं खाली घेऊ द्या. बाहेरचं पाणी अनेक घोडे पीत नाहीत, म्हणून घरचंच कॅनमध्ये भरून न्या. निघण्याआधी चंदी कमी, वाळलेला चारा समोर असू द्या.

घरी पोहोचल्यावर लीद कधी टाकली, पाणी किती प्यालं ते लिहा. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस ठीक. त्याच्या वर गेला, नाकातून पाणी येऊ लागलं किंवा चंदीवरून तोंड फिरवलं, तर 'प्रवासाचा शीण असेल' म्हणत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा आणि घोडा किती तास गाडीत होता हे त्यांना सगळ्यांत आधी सांगा.